आम्ही, आपण आणि सोयरा

रोहिदास मयेकरला फितूर ठरवलं ते एका शब्दावरून.

सकाळची पाळी सुरू होताना सगळ्यांसारखी त्यानंही डोक्यावर टोपी चढवली, माइकसमोर बसला आणि आपल्या लालबागी मराठीत सुटला. "आपण इलेक्ट्रिशियन. आपल्याला कोणाचं भय नाय. आपण कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. आपण एकटा दहा जणांना भारी."

समोरच्या खांबावरचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि लगेच तांबडा. दोन पहारेकरी धावत आले. एकानं त्याची हत्यारांची पिशवी काढून घेतली, दुसऱ्यानं दंड धरला.

"ओ! आपण काय केलं?" मयेकर ओरडला.

यंत्रानं तेही ऐकलं. तांबडा दिवा लुकलुकायला लागला.

लेफ्टनंट कमांडर हर्षाली पावसे पुढच्या खुर्चीची वाट बघत रांगेत उभी होती. तिला हसू आलं आणि ते तिनं दाबलं. या तळावर हसण्याचाही अर्थ लावला जायचा.

तळ म्हणजे सुमात्राच्या दक्षिणेला समुद्रात उभा असलेला एक जुना प्लॅटफॉर्म. खालचं तेल संपलं तेव्हा कंपनी निघून गेली आणि फौजा आल्या. पंचसागर करार पाच देशांचा: भारत, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, केनिया, फ्रान्स. सह्या करताना पाचही जण कॅमेऱ्यासमोर हसले आणि घरी जाऊन पाचही जणांनी आपापल्या दारांची कुलपं बदलली. युती म्हणतात ती हीच. ज्याच्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं, त्याच्याच हातातल्या सुरीचा घोर लागतो.

समुद्राच्या तळाशी कराराचे टॉर्पेडो झोपवून ठेवले होते. पाण्यात अनोळखी काही शिरलं, तर पाच देशांच्या पाच अधिकाऱ्यांनी आपापली किल्ली फिरवायची, मगच टॉर्पेडो सुटणार. एकानं जरी हात आखडला तरी सगळं ठप्प. मग प्रश्न उभा राहिला. हात आखडणारा विचार करून आखडतोय की विकला गेलाय? पाच देशांना एकमेकांना तोंडावर विचारण्याची हिंमत नव्हती. म्हणून त्यांनी यंत्र आणलं.

त्याचं सरकारी नाव इंग्रजीत होतं, अर्थ साधारण नातेवाईकपणा. मराठी पोरांनी त्याचं नाव सोयरा ठेवलं. सोयरा म्हणजे जो घरात बसून चहा पितो आणि घरातल्या चुका मोजतो.

सोयऱ्याचं शास्त्र मात्र खरं होतं. दोन भुवयांच्या मधून सरळ आत गेलं की मेंदूचा एक पट्टा लागतो. माणूस स्वतःचा विचार करतो तेव्हा तो जागा होतो. गंमत अशी की आईचा, लेकराचा, जिवलग मित्राचा विचार करतानाही तोच पट्टा जागा होतो. परक्याचा विचार आला की तो निजतो. मेंदूला 'माझी माणसं' हा वेगळा कप्पा नाहीच. जवळचा माणूस म्हणजे 'मी'च, जरा पसरलेला.

डॉ. फिलिपा क्रेन नावाच्या ऑस्ट्रेलियन बाईनं हे पकडलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिनं आधी प्रत्येकाला बाकीच्या चार देशांच्या सहकाऱ्यांचे चेहरे दाखवले, आवाज ऐकवले आणि मेंदूत त्यांचा जो ठसा उमटतो तो साठवून ठेवला. मग ती एकाच शब्दाची वाट बघत बसली. त्या शब्दाला इंग्रजीत एकच रूप आहे: वुई. माणूस 'वुई' म्हणतो त्या क्षणी त्याच्या डोक्यात कोण कोण उभं राहतं, ते टोपीतला प्रकाश आणि विजेच्या तारा मिळून टिपायच्या. त्यात चार देशांचा ठसा मिसळलेला दिसला तर दिवा हिरवा. नसला तर पिवळा. स्वतःशिवाय कोणीच नसलं तर तांबडा. पिवळा लागला की त्या अधिकाऱ्याची किल्ली दुसऱ्या दिवसापर्यंत बंद, आणि उरलेल्यांचं एकमत तेच सगळ्यांचं एकमत.

बोलायचं मातृभाषेत. क्रेन म्हणायची, परक्या भाषेत माणूस कपडे घालून बोलतो, मातृभाषेत उघडा असतो. बाईचं हे वाक्य शंभर नंबरी खरं होतं. तिची चूक पुढे होती. तिच्या यंत्राला मराठी येत होती ती भाषांतरातून. मराठीतला प्रत्येक 'आम्ही' आणि प्रत्येक 'आपण' तिच्या यंत्रानं एकाच पोत्यात भरला होता आणि पोत्यावर लिहिलं होतं: वुई.

लालबागचा माणूस 'आपण' म्हणतो तेव्हा तो एकटाच असतो, हे त्या पोत्याला कोण सांगणार?

"मयेकर, घाबरू नका," पहारेकरी त्याला नेत असताना हर्षाली म्हणाली. "मी बोलते क्रेनशी."

"आपण कशाला घाबरतोय मॅडम?"

"तो शब्द बंद करा आधी!"

मयेकरला भटारखान्यात बटाटे सोलायला बसवलं. हर्षाली क्रेनला सांगायला गेली, तर बाईंना वेळ नव्हता. "अर्ज करा," म्हणाल्या. हर्षालीनं अर्ज केला. आणि त्याच दुपारी तिच्या डोक्यावर दुसरंच संकट आदळलं.

दिल्लीत समन्वय कक्ष नावाचं एक नवं खातं निघालं होतं. नावात समन्वय असला की समजावं, कोणालाही न विचारता काम चालतं. तिथून कमोडोर शिंत्रे यांचा बंद लाइनवर फोन आला.

"पावसे, एकटी आहेस?"

"हो सर."

"शिंगाळा माहीत आहे?"

हर्षाली हर्णैच्या कोळ्यांची पोर. "खाल्लाय सर. काटा लागला तर हात सुजतो."

"विनोद नको. शिंगाळा आपली नवी छोटी पाणबुडी आहे. अकरा माणसं. आत्ता ती इंडोनेशियाच्या हद्दीत आहे. त्यांनी सामुद्रधुनीच्या तळाशी कान पेरलेत, करारात कोणाला न सांगता. ते बघायला आपण गेलोय."

"आपणही न सांगता."

"त्यांनी सांगून पेरले का?"

"सर, आणि सापडली तर? इथले टॉर्पेडो विचारत नाहीत कोण आहे म्हणून."

"तुझी किल्ली फिरवायची नाही. कारण सांगायचं नाही. एकमत झालं नाही की प्रश्न मिटला. तुला तिथं कशाला बसवलंय मग?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "कोणालाही कळता कामा नये, पावसे. त्या तुझ्या बॅडमिंटनवाल्याला तर मुळीच नाही."

बॅडमिंटनवाला म्हणजे कमांडर यानुआर सिरेगार, इंडोनेशियाचा किल्लीधारी. उंचीनं कमी, मनगटानं राक्षस. दोघं रोज संध्याकाळी हेलिकॉप्टरच्या ओट्यावर जाळं बांधून खेळायची आणि शटल रेषेच्या आत की बाहेर यावरून पाच देशांना ऐकू जाईल असं भांडायची. दोघंही सर्रास खोटं बोलायची. त्या खोटेपणावर त्यांची मैत्री उभी होती.

त्या संध्याकाळी हर्षाली खेळायला गेली नाही. पाय मुरगळला म्हणाली. गंमत म्हणजे सिरेगारही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टोपी घातली. रोज ती म्हणायची, "आपण पाच देशांचे लोक इथे आहोत, आपल्याला हा समुद्र सांभाळायचाय." तेच म्हणायचं ठरवून ती बसली, तोंड उघडलं आणि जीभ परस्पर घसरली.

"आम्ही इथे आहोत. आम्हाला आमचं काम माहीत आहे."

पिवळा.

मराठीत हीच तर पंचाईत आहे. इंग्रज माणूस 'वुई' म्हणून आख्खा बाजार झाकून टाकतो. मराठी माणसाला दर वाक्यात ठरवावं लागतं, समोरच्याला घरात घ्यायचं की दाराबाहेर ठेवायचं. आणि मन ठरवून बसलेलं असलं तर जीभ ऐकत नाही.

ती खुर्चीतून उठली. तिच्या मागे सिरेगार बसला. त्याच्या भाषेत काहीतरी बोलला.

पिवळा.

पाळीचा प्रमुख होता केनियाचा कमांडर ओटिएनो. लांबलचक माणूस, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "एकाच सकाळी दोघं? कालपर्यंत चांगले होतात."

"यंत्र बिघडलंय," हर्षाली म्हणाली.

"यंत्र बिघडलेलं नाही," क्रेन म्हणाली. "तुमच्या 'वुई'मध्ये आज आम्ही कोणीच नव्हतो."

"कुठला वुई? आमच्यात दोन आहेत!"

"वुई म्हणजे वुई, कमांडर."

ओटिएनोनं मान हलवली. "नियम आहे. दोघांच्या किल्ल्या उद्यापर्यंत बंद. नियंत्रण कक्षात पाऊल टाकायचं नाही."

दोघांना जायला जागा उरली भटारखाना. तिथं मयेकर बटाट्यांच्या डोंगरामागे बसला होता आणि डोक्यावर एक्झॉस्ट पंखा धडधडत होता.

"या, या," तो म्हणाला. "फितुरांसाठी वेगळं टेबल लावलंय."

दोघं समोरासमोर बसली. हर्षालीच्या डोक्यात एकच गणित चालू होतं. माझी किल्ली बंद. म्हणजे आता माझा नकार धरणारच नाहीत. शिंगाळा सापडली तर तिघांच्या एकमतात अकरा माणसं जातील. आणि मी इथं बटाट्याच्या साली मोजत बसणार.

शेवटी सिरेगार इंग्रजीत म्हणाला, "परवा शटल दोन बोटं आत होतं आणि तू बाहेर म्हणालीस. तेव्हाच या यंत्राला बोलवायला हवं होतं."

"हातभर बाहेर होतं."

"मगाशी क्रेनला काय म्हणालीस? दोन आहेत म्हणून?"

"आमच्या भाषेत दोन 'वुई' आहेत. एकात समोरचा धरलेला असतो, दुसऱ्यात वगळलेला."

सिरेगार ताडकन सरळ बसला. "किता आणि कामी!"

"काय?"

"किता म्हणजे आपण सगळे, तुला धरून. कामी म्हणजे फक्त आम्ही, तुला सोडून. आमच्याकडेही दोन आहेत!"

दोघं एकमेकांकडे खुळ्यासारखी बघत राहिली. तिघांच्या भाषांत एक 'आम्ही', ते तिघं हिरवे. दोघांच्या भाषांत दोन, ते दोघं पिवळे! हर्षालीनं टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे ते निष्ठावान वगैरे काही नाहीत. त्यांचं व्याकरण ढिसाळ आहे! त्यांच्या पोत्यात चोर लपतो, आपल्या पोत्यात लपत नाही!"

सिरेगार मोठ्यानं हसला. मग त्याचं हसू एकदम थांबलं. तिचंही. कारण पुढचा प्रश्न दोघांच्या एकाच वेळी लक्षात आला होता. तो प्रश्न या तळावर दुसरं कोणी विचारूच शकलं नसतं.

त्यानं विचारला. "आज सकाळी तू कोणता वापरलास?"

हर्षालीनं खोटं बोलायला तोंड उघडलं. समोर तो होता, तिच्यासारखाच शटल आत असताना बाहेर म्हणणारा, आणि तो आत्ता खरं विचारत होता.

"आम्ही," ती म्हणाली. "वगळणारा. आणि तू?"

"कामी."

"म्हणजे आपण दोघंही..."

त्याच क्षणी भोंगा वाजला. सगळा प्लॅटफॉर्म थरथरला. भिंतीवरच्या स्पीकरमधून ओटिएनोचा विहिरीतला आवाज आला: सामुद्रधुनीच्या तोंडाशी अनोळखी वस्तू. उत्तर देत नाही. टॉर्पेडो जागे करण्यात येत आहेत. सर्वांनी आपापल्या जागी.

हर्षाली उभी राहिली. तिचा चेहरा बघून सिरेगारला जे कळायचं ते कळलं.

"तुमची आहे," तो म्हणाला.

ती दाराकडे वळली.

"हर्षाली, मला काल सांगितलं गेलंय. आमच्या कानांनी तिला पकडलंय दोन दिवसांपूर्वी. आत माणसं आहेत, भांडी आपटल्याचे आवाज येतात. कोणाची असेल तोही अंदाज आहे." त्याचा आवाज खाली गेला. "मला हुकूम आहे गप्प बसायचा. करारानं परस्पर मारली तर बरं. हात पाच देशांचे लागतील, आमचा एकट्याचा नाही."

हर्षालीनं त्याची कॉलर धरली. "अकरा माणसं आहेत, यानुआर!"

"आणि तुमची माणसं माझ्या दारात काय करत होती?" त्यानं तिचा हात झटकला नाही. "तूही गप्पच होतीस ना?"

होती. ती गप्पच होती. दोघं सारखीच बदमाश, दोघांच्याही मागे एकेक देश, आणि दोन्ही देशांना अकरा माणसांपेक्षा आपली अब्रू मोठी. शिंत्रेंना फोन लावायचा तर बंद लाइन नियंत्रण कक्षात, आणि तिथला दरवाजा तिच्या बोटाला उघडत नव्हता. आणि शिंत्रे काय सांगणार होते? कोणालाही कळता कामा नये.

ती भटारखान्याच्या कोपऱ्याकडे धावली. तिथं जेवणाची वर्दी द्यायचा माइक होता. सगळ्या तळावर, सगळ्या मजल्यांवर, नियंत्रण कक्षातसुद्धा ऐकू जायचा. लष्कराला सगळ्यांत आधी जेवण लागतं.

"मॅडम," मयेकर सुरी खाली ठेवून उभा राहिला. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण माइक कशासाठी असतो ते माहीत होतं. "एकदा बोललात की परत घेता येणार नाय."

"ठाऊक आहे."

तिनं बटण दाबलं.

"मी लेफ्टनंट कमांडर पावसे. सामुद्रधुनीतली वस्तू भारतीय पाणबुडी आहे. आत अकरा माणसं आहेत. ती न सांगता आली, ही आमची चूक. किल्ल्या फिरवू नका."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माइकवरून मेनू सोडून दुसरं काही ऐकलं होतं लोकांनी. मग धावत्या बुटांचे आवाज.

पहारेकऱ्यांनी दोघांना नियंत्रण कक्षात नेलं. मयेकरला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून मागे चालत आला, हातात बटाटा तसाच. आत ओटिएनो, फ्रेंच अधिकारी लुसी मोरो आणि एक ऑस्ट्रेलियन अधिकारी आपापल्या किल्ल्यांसमोर उभे होते. किल्ल्या भोकात घातलेल्या होत्या. पडद्यावर एक ठिपका सरकत होता.

"टोपी," क्रेन म्हणाली. "तिला टोपी घाला. मातृभाषेत सांगू दे."

हर्षालीनं टोपी ओढून डोक्यावर घातली. "आम्ही चोरून आलो," ती मराठीत म्हणाली. "आम्ही तुम्हाला फसवलं."

पिवळा.

"बघा!" क्रेन म्हणाली. "ती अजूनही तुमच्या बाजूची नाही."

"अहो, पिवळा लागणारच!" हर्षाली किंचाळली. "चोरी करताना तुम्हाला कशी धरू माझ्या 'आम्ही'त? चोरी आम्हीच केली, तुम्ही नाही! हिरवा लागला असता तर समजायचं होतं की मी खोटं बोलतेय!"

ओटिएनोनं पिवळ्या दिव्याकडे बघितलं. मग आपल्या दोन्ही बाजूंच्या सहकाऱ्यांकडे, ज्यांचे दिवे सकाळपासून हिरवेगार होते. ते दोघं पडद्याकडे बघत होते. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. मग तो सिरेगारकडे वळला.

"पाणी तुमच्या देशाचं. दरोडा तुमच्या घरात. तुझी किल्ली बंद आहे, पण तोंड बंद नाही. मारू?"

जकार्ताचा हुकूम सिरेगारच्या कानात होता. हर्षालीला तो दिसत होता, अगदी समोर लिहिल्यासारखा. गप्प राहिला असता तरी पुरलं असतं. गप्प राहण्याचाच तर हुकूम होता.

"नको," सिरेगार म्हणाला. "किता नको."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण मारायचं नाही. आपण. सगळे."

ओटिएनोनं आपली किल्ली बाहेर काढली आणि खिशात टाकली. "एकमत मोडलं. पण ती वर आली पाहिजे, आत्ता. टॉर्पेडो जागे झालेत. एकदा जागे झाले की पळणाऱ्यावर ते किल्ल्यांशिवायही सुटतात, करारात तेवढी एकच सूट आहे."

पाण्याखालून बोलायचा ध्वनिफोन हर्षालीच्या हातात दिला गेला. आवाज पाण्यातून घोगरा होऊन जातो आणि घोगरा होऊन येतो. ती आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत, मग मराठीत. "शिंगाळा, वर या. तुम्ही सापडलायत. मी पावसे बोलतेय, करारतळावरून."

उत्तर नाही. पडद्यावरचा ठिपका थबकला आणि वळायला लागला.

"पळतायत," लुसी मोरो म्हणाली.

"वर या! तुमच्यावर टॉर्पेडो रोखलेत!"

बऱ्याच वेळानं खरखर आली आणि तिच्यातून एक आवाज. "पावसेंचा आवाज कोणतंही यंत्र काढू शकतं. संकेत सांगा."

संकेत तिला दिलेलाच नव्हता. समन्वय कक्ष. ठिपका वेग घेत होता. क्रेननं डोळे मिटले.

मयेकरनं बटाटा सिरेगारच्या हातात कोंबला आणि फोन हिसकावला.

"ए भावा! आपण मयेकर, लालबाग! संकेत गेला खड्ड्यात. वर ये गपगुमान! अकरा जणांचं तेरावं एकाच मांडवात घालायचं हाय का? जिलबीचं कंत्राट घेतलंय काय तुझ्या बापानं? आपल्याला इथं फितूर म्हणून बटाटे सोलायला बसवलंय, तरी तुझ्यासाठी बोंबलतोय. ये वर, मग काय संकेत लावायचे ते लाव!"

खरखर. खरखर. मग ध्वनिफोनातून दुसराच आवाज आला, वसईकडच्या हेलाचा. "कोण रे हा शहाणा?"

"तुझा जावई!"

पाण्याखाली कोणीतरी हसलं. खरंच हसलं. एवढ्या खोलीवरून, एवढ्या पाण्यातून, पाच देशांच्या नियंत्रण कक्षात ते हसू घुमलं.

"मी ऑल्विन तुस्कानो. शिंगाळ्याचा कॅप्टन. असल्या घाणेरड्या मराठीत बोलायला अजून यंत्र शिकलेलं नाही. वर येतोय. अंगावर काही टाकू नका."

ठिपका थांबला. मग उभा वर चढायला लागला. भर दुपारच्या लखलखीत पाण्यात शिंगाळ्याची काळी पाठ वर आली तेव्हा लुसी मोरो टाळ्या वाजवत होती आणि तिचं तिलाच कळत नव्हतं. ओटिएनो खुर्चीत बसला होता आणि खिशातली किल्ली हातानं चाचपत होता. सिरेगार बटाटा धरून उभा होता. हर्षाली जमिनीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

पुढचं सगळं तुमच्या माझ्या जगात जसं होतं तसं झालं. दिल्लीनं जकार्ताला पत्र लिहिलं, जकार्तानं दिल्लीला. दोघांनी एकमेकांची क्षमा न मागता खेद व्यक्त केला. कराराची तातडीची बैठक बसली आणि तिच्यात सोयऱ्याची दुरुस्ती झाली. दुरुस्ती अशी: यापुढे सर्वांनी टोपी घालून फक्त इंग्रजीत बोलायचं. त्या दिवसापासून तळावरचे सगळे दिवे हिरवे आहेत. रोज. सगळ्यांचे.

हर्षालीला परत बोलावलं. चौकशी दिल्लीत, समन्वय कक्षात. तिथंही एक सोयरा विकत घेऊन ठेवला होता, नवाकोरा, आणि त्याला मराठीतले दोन 'आम्ही' खास शिकवले होते. आपल्या लोकांना यंत्र आवडतं, फक्त ते आपल्या बाजूचं हवं.

मयेकरची साक्ष आधी झाली होती. भटारखान्यात दोन अधिकारी काय बोलले, असं विचारल्यावर तो म्हणाला, "पंखा चालू होता साहेब. आपण बटाटे सोलत होतो." यंत्र तांबडं झालं. "ते आपल्याला नेहमीच तांबडं होतं," असं सांगून तो उठला.

शिंत्रे टेबलापलीकडे बसले होते. त्यांनी तिला पाणी दिलं. त्यांचा आवाज गोड होता, म्हणजे सौदा होता.

"पावसे, तू हुकूम मोडलास. गुपित पाच देशांपुढे माइकवर वाचलंस. नोकरी तर गेलीच, तुरुंगही आहे. पण एक रस्ता आहे." ते पुढे झुकले. "सिरेगारला आधीपासून माहीत होतं ना? पाणबुडीत माणसं आहेत आणि ती आपली आहे, हे त्याला कळलं होतं. तरी तो गप्प बसला. त्याच्या देशाला आपली माणसं मेलेली हवी होती. एवढं तू म्हण. मग तू फितूर नाहीस. मग तू त्यांचा कट उधळलास. पदक मिळेल तुला."

"आणि त्याला?"

"त्याचा देश बघून घेईल त्याला. जाहीर झालं की त्यांनाच तो बळीचा बकरा लागेल. तुला काय त्याचं? तो कोण तुझा?"

हर्षालीनं टोपीच्या तारा कपाळावर नीट बसवल्या. अकरा माणसं आज आपापल्या घरी जेवली होती. त्यांतल्या कोणीही तिला फोन केला नव्हता, करायची परवानगीच नव्हती. सिरेगारनं "नको" म्हटलं तेव्हा त्याला कोणी पदक देणार नव्हतं. त्याला फक्त गप्प राहायचं होतं.

दुसरं मन म्हणत होतं, खरंच सांगायचंय, खरं सांगायला काय हरकत? खरं बोलून सुटका आणि खोटं बोलून तुरुंग, असा बाजार रोज लागत नाही.

"बोल," शिंत्रे म्हणाले. "यंत्र चालू आहे. त्याला माहीत होतं?"

"नाही सर," हर्षाली म्हणाली. "कमांडर सिरेगार यांना काहीच माहीत नव्हतं."

शिंत्रेंनी खांबाकडे बघितलं. तिनंही बघितलं. त्या वाक्यात 'आम्ही' नव्हतं, 'आपण' नव्हतं. सोयऱ्याला धरायला शेपूटच सापडलं नाही. दिवा हिरवा तो हिरवाच राहिला.

शिंत्रेंच्या चेहऱ्यावरचा गोडवा ओसरला. "म्हणजे सगळा गुन्हा तुझा एकटीचा."

"हो सर," ती म्हणाली आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझा एकटीचा."